फ्रंट लोड मशीनचा सुटा ड्रेन पंप: साडेसहाशे रुपयांचा, वर्षभर वापरून

आधी निकाल सांगून टाकते. फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधून पाणी निघत नसेल आणि दोष खरोखर पंपाचाच असेल, तर बाजारात सुटा मिळणारा ड्रेन पंप आणून घरी बसवायला हरकत नाही. मी बसवला. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर बसवलेला तो पंप यंदाच्या गणपतीची चादरी-अभ्र्यांची सगळी धुणी काढून अजून चालू आहे. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

‘पंपाचाच असेल तर’ हे मात्र दोनदा वाचा. पाणी तुंबलं की पंप जळाला असं सगळे धरून चालतात, आणि बहुतेक वेळा आत काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर बाहेरचा पाइप तुंबलेला असतो. अशा मशीनला नवा पंप लावलात तर साडेसहाशे रुपये आणि एक सकाळ, दोन्ही गेलं समजा.

आमचं मशीन सात किलोचं, नामांकित कंपनीचं. नाव घेत नाही. एका दुपारी दुलईची खोळ साबणाच्या पाण्यात तरंगतेय, दार कुलूपबंद, आणि पडद्यावर एरर. एलजीच्या मशीनवर अशा वेळी ‘ओई’ दिसतं, सॅमसंगवर ‘५सी’ किंवा ‘५ई’, बॉशवर ‘ई१८’. आमच्याकडेही त्याच जातीचं काहीतरी होतं. कंपनीचा माणूस आला. त्याने खालची झडप उघडून बघितली नाही. प्रोग्रॅम लावला, कान दिला आणि म्हणाला, “मॅडम, पंप गेलाय. पीसीबीपण बदलून घ्या, नाहीतर परत जाईल.” पंपाचे १,८५०, पीसीबीचे सहा हजारांच्या वर, मजुरी वेगळी, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. व्हिजिटचे ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९० घेऊन तो गेला. पंपाबद्दल तो बरोबर निघाला, हे मान्य करते. पीसीबीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं, त्याने कशावरून ठरवलं ते त्यालाच ठाऊक.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांनी जाळलेल्या कॉइली आणि उलटे जोडलेले सेल बघण्यात नोकरी गेली, त्यामुळे घरात मल्टिमीटर, म्हणजे विजेची मोजमापं घ्यायचं यंत्र, आहे आणि ‘बदलून घ्या’ या वाक्याबद्दल जन्मजात संशय आहे.

पंप आणण्याआधी मी काय काय तपासलं ते सविस्तर लिहिते, कारण तुमचं काम कदाचित इथेच होऊन जाईल.

प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर पाणी निवेपर्यंत थांबायचं. ६० अंशांचं साबणाचं पाणी पायावर आलं तर पंप राहील बाजूला. मग आतलं पाणी काढायचं. मशीनचा ड्रेन पाइप जिथे अडकवलाय तिथून सोडवून फरशीपर्यंत खाली आणायचा आणि मोरीच्या जाळीवर धरायचा. ड्रमची पातळी वर, पाइपचं तोंड खाली, त्यामुळे पंप बंद असला तरी पाणी आपोआप वाहायला लागतं. यात तपासणीही होऊन जाते. पाणी धो धो आलं तर पाइप मोकळा आहे आणि पंपच पाणी उचलत नाहीये. थेंब थेंब आलं तर अडथळा वाटेत आहे.

उरलेलं पाणी फिल्टरच्या बाजूने निघतं. मशीनच्या पुढच्या अंगाला, खाली कोपऱ्यात, एक छोटी झडप असते. ती उघडली की गोल टोपण दिसतं, तो फिल्टर. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या शेजारी बोटाएवढी रबरी नळी असते, तिला बूच. आधी ती ताटलीत सोडायची. बादली तिथे जात नाही, जागाच नसते; आमच्याकडे जुनी परात कामाला आली. पाणी थांबलं की मग फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून सावकाश काढायचा. तरी तांब्याभर पाणी येतंच, फडकी आधी अंथरून ठेवा.

आता या फिल्टरमध्ये काय सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक रुपयाचं नाणं. ब्लाउजचे हुक. सेफ्टी पिन. शर्टाचं बटण. टिकल्या, त्याही गोल, लांबट, सगळ्या फॅशनच्या. आणि अक्षता. कुंकवाने एके काळी लाल असलेले, पाण्याने फुगून गिळगिळीत झालेले तांदूळ. सासूबाई कुठल्याही लग्नाहून आल्या की ओच्यात पावशेर अक्षता घेऊन येतात आणि लुगडं न झटकता धुवायला टाकतात. त्यांना दाखवल्या तर म्हणाल्या, “आशीर्वाद आहेत ते, फेकू नकोस.” मी ते आशीर्वाद तुळशीत टाकले.

फिल्टर काढल्यावर मागच्या भोकात टॉर्च मारला की पंपाचं पातं दिसतं. पेन्सिलीने ते हळूच फिरवून बघा. फिरताना झटके देतं, अर्ध्या फेरीला अडकल्यासारखं वाटतं. हे बिघाडाचं लक्षण नाही. आत कायमचं लोहचुंबक असतं, ते प्रत्येक वेळी आपल्या जागी ओढलं जातं, म्हणून तो झटका. उलट पातं भोवऱ्यासारखं गरागरा फिरलं, झटका अजिबात लागला नाही, तर ते आतल्या दांड्यावरून तुटलंय असं समजा. आमच्या पात्याला मागे नायलॉनचा दोरा गुंडाळलेला होता, साडीच्या काठाचा असावा. चिमट्याने ओढून काढला. पातं मोकळं झालं, झटकेही व्यवस्थित. मशीन लावलं. पंपाचा आवाजच नाही.

आवाज ऐकणं महत्त्वाचं. पंप घुं घुं करतो पण पाणी जात नाही, म्हणजे अडकलंय. पंप मजेत चालतोय आणि तरी पाणी फरशीवर, म्हणजे मशीन बिचारं ठीक आहे आणि ड्राय बाल्कनीतला नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा भाग, तुंबलाय. खात्री करायची असेल तर ड्रेन पाइपचं तोंड स्टुलावर ठेवलेल्या बादलीत सोडून बघा. जोरात धार पडली तर मेकॅनिकला बोलावू नका, प्लंबरला बोलवा. आमच्या खालच्या मजल्यावर नेमकं हे झालं होतं आणि त्यांनी तोवर पंप बदललेला होता. सांगून काय उपयोग, कोणी ऐकतं का.

आवाजच नसेल तर मल्टिमीटर. प्लग काढलेला असताना पंपाच्या दोन तारा सोडवायच्या आणि पंपाच्या पिनांवर रेझिस्टन्स मोजायचा. धडधाकट पंप साधारण शे-दोनशे ओहम दाखवतो. आमच्याने काहीच दाखवलं नाही, म्हणजे आतली वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, तुटलेली. एक काळजी घ्या: कित्येक पंपांत तापल्यावर आपोआप बंद पडणारं संरक्षण असतं. तापलेला पंप मोजला तर तोही मेल्यासारखा दिसतो. तासभर थंड होऊ द्या, मग मोजा. मी रात्रभर ठेवला, सकाळीही तेच. दोऱ्याने पातं अडकलं, पातं फिरेना, करंट मात्र चालूच राहिला आणि वाइंडिंग जळाली, असा माझा हिशोब. चालू मशीनवर पंपाच्या तारांना २३० व्होल्ट येतायत का तेही बघता येतं, पण ओल्या फरशीवर बसून ते करू नका. वाइंडिंग तुटलेली सापडली, एवढं कारण पाणी न निघायला पुरेसं आहे. आधी साडेसहाशेचा पंप, त्याने नाही झालं तर सहा हजारांच्या पीसीबीचा विचार, हा क्रम मला पटतो.

आता खरेदी. ऑनलाइन शोधलं तर ‘सर्व फ्रंट लोड मशीनना चालेल’ असं लिहिलेले पंप ढिगाने दिसतात. विश्वास ठेवू नका. पंप आपल्या प्लास्टिकच्या घरात बसवायच्या पद्धती वेगवेगळ्या. काही तीन स्क्रूंवर बसतात, काही स्क्रूशिवाय, फिरवून खाचांत लॉक होतात. तारांच्या पिना कुठे एकत्र एका सॉकेटमध्ये, कुठे दोन सुट्या. कुठे मागे, कुठे बाजूला. वॅट आणि व्होल्ट जुळले तरी यातलं एक जुळलं नाही की पंप हातात राहतो. तुमचं मशीन कोणत्या कंपनीचं यापेक्षा जुना पंप कसा दिसतो हे जास्त कामाचं.

मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेले. विजेच्या सामानासाठी पुण्यात दुसरीकडे जायची मला सवय नाही. मशीनचे सुटे भाग विकणारं ते दुकान दोन माणसं उभी राहिली की भरतं. काउंटरवरचे काका मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, “जुना आणलाय?” मी पिशवीतून काढून ठेवला. “मग बोलू या.” माझ्या आधी उभा असलेला तरुण फक्त मॉडेल नंबर घेऊन आला होता, त्याला परत पाठवलेलं मी डोळ्यांनी बघितलं. काकांनी पंप उलटा केला, स्क्रूची भोकं बघितली, पिना बघितल्या, पट्टी वाचली, आणि मागच्या फळीवरून दोन खोकी आणली. एक साडेसहाशेचं, एक अकराशेचं. अकराशेच्यात प्लास्टिकचं घर आणि फिल्टरही होता. माझ्या पंपाचं घर शाबूत होतं, चीर नाही, आटे झिजलेले नाहीत, म्हणून नुसती मोटर घेतली. तुमचीही नुसती मोटर गेली असेल तर पूर्ण सेट घेऊ नका, तो बसवायला रबरी नळ्यांचे क्लॅम्पही काढावे लागतात आणि काम दुप्पट होतं.

दुकानदाराची वागणूक? पुण्यातली. गोड बोलले नाहीत, पण चुकीची वस्तूही दिली नाही. दुकानातच तारा जोडून पंप क्षणभर फिरवून दाखवला, कोरडा जास्त चालवायचा नसतो हे स्वतःहून सांगितलं. बिल मागितल्यावर मिळालं. वॉरंटी विचारली तर म्हणाले, “बसवून बघा, आठ दिवसांत काय ते बोला.”

पंपाबद्दल. पांढरं खोकं, त्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही. अंगावरच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३० वॅट. मूळ पंपावरही हेच आकडे. घरी आणून मोजला, १७० ओहमच्या आसपास. पाती सरळ आहेत, पंख्यासारखी वळवलेली नाहीत, आणि हे बरोबर आहे: अशी मोटर सुरू होताना कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, त्यामुळे पाती दोन्ही दिशांना सारखंच पाणी ढकलणारी हवीत. रबरी वॉशर मऊ आणि नीट कापलेला. प्लास्टिक मात्र मूळच्यापेक्षा पातळ, स्क्रूच्या कानांपाशी तर जाणवण्याइतकं. स्क्रू आवळताना जोर लावलात तर कान तुटेल.

काढणं आणि बसवणं. जुना पंप काढला तेव्हाचंही इथेच सांगते. आमच्या मशीनला खालून हात घालावा लागतो. काहींना मागचा पत्रा काढावा लागतो, काहींना पुढचा खालचा. हे एकट्याने करू नका. आत काँक्रीटचं वजन असतं, सात किलोचं मशीन सहज साठ किलोंच्या पुढे भरतं. नवरा आणि वॉचमनदादा दोघांनी ते मागे कलतं करून भिंतीला टेकवलं, मध्ये गोधडी घातली, खाली लाकडी पाट सरकवला. मी पालथी पडून तीन स्क्रू काढले. पूर्ण रिकामं केलेलं असूनही पेलाभर पाणी गळ्यात आलंच, तयारीत राहा. पंपाच्या घराच्या आत टँकरच्या पाण्याचा पांढरा क्षार दगडासारखा बसला होता. आमचा भाग सिंहगड रस्त्याच्या टोकाला, उन्हाळा लागला की टँकर. जुन्या टूथब्रशने आणि लिंबाच्या सालीने घासून काढला. वॉशर बसतो ती खाच तरी स्वच्छ हवीच, तिथे खडा राहिला की गळती ठरलेली. वॉशरला भांड्याच्या साबणाचं बोट लावलं, पंप दाबून बसवला, स्क्रू तिन्ही थोडे थोडे करत आवळले, तारा जोडल्या. मशीन उभं केलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि कपड्यांशिवाय रिन्स-स्पिन लावलं. कागद कोरडा. मोजणी आणि दुकानाची फेरी सोडली तर पंप काढण्यापासून कागद बघण्यापर्यंत एक सकाळ गेली, त्यातला निम्मा वेळ मशीन कोणी कुठे धरायचं यावर वाद घालण्यात.

वर्षभरात पाणी काढायला लागणारा वेळ पूर्वीइतकाच आहे. गळती नाही. आवाज मात्र जास्त, आणि हाच तो कापलेला गुण. पाणी संपत आलं, हवा शिरायला लागली की हा पंप खडखडतो. मूळ पंपही तेव्हा आवाज करायचा, पण दार लावलं की स्वयंपाकघरात ऐकू यायचा नाही. हा येतो. सासूबाई दुपारी झोपल्या असताना मी स्पिन लावत नाही. बाळ झोपवायचं घर असेल तर कंपनीचा पंप घेण्यात अर्थ आहे, जीएसटी धरून जास्तीचे दीडेक हजार शांततेचे समजायचे.

कोणी घेऊ नये तेही सांगते. मशीन वॉरंटीत असेल तर स्वतः हात लावू नका, वॉरंटी जाईल. जाहिरातीतल्या ‘१० वर्षं मोटर वॉरंटी’वर मात्र विसंबू नका; ती ड्रम फिरवणाऱ्या मोटरची असते, ड्रेन पंपाची नव्हे. कार्ड वाचा, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि बिलाबद्दल किंवा सुट्या भागाबद्दल भांडणाची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

टॉप लोडवाल्यांनी तर आधी आपल्या मशीनला पंप आहे का तेच बघावं. आपल्याकडच्या बऱ्याचशा टॉप लोड मशीनमध्ये तो नसतोच. तिथे ड्रेन मोटर नावाची छोटी मोटर तळाचा व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि पाणी उताराने निघून जातं. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तेवढंही नाही. वरची खुंटी फिरवली की पट्टीने व्हॉल्व्ह उचलला जातो. तिथे नाणं व्हॉल्व्हमध्ये अडकतं किंवा पट्टी तुटते. आणि उताराने जाणारं पाणी असल्यामुळे ड्रेन पाइप पूर्ण लांबीभर खालीच असावा लागतो. फ्रंट लोडचं उलटं, त्याचा पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवायचा, साधारण कमरेइतका. खाली सोडला तर भरताभरताच पाणी वाहून जातं.

समोरच्या काकूंनी माझ्या पंपाची कीर्ती ऐकून साडेसहाशे रुपये हातात आणून ठेवले, “मलाही तसलाच आण गं, माझंही पाणी निघत नाही.” जाऊन बघितलं तर टॉप लोड. पाइपचं तोंड त्यांनी विटेवर चढवून ठेवलं होतं, वर विटेचाच दाब, म्हणजे पाणी उडून पायपुसणं भिजायला नको. विटा काढल्या, पाइप जमिनीला लावला, मशीन रिकामं झालं. पैसे परत दिले. पायपुसणं त्यांना आता दुसरीकडे ठेवावं लागतं, त्याबद्दल माझ्यावर थोडा राग आहे.